पहिली तीन गाणी

रॉक संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांसाठी एक नियम जगभर रूढ आहे. रंगमंच आणि प्रेक्षकांना अडवणारे लोखंडी कठडे यांच्यामध्ये जो चिंचोळा पट्टा असतो, ज्याला सगळे ‘पिट’ म्हणतात, तेथे उभे राहून पहिली तीन गाणी टिपायची, फ्लॅश वापरायचा नाही आणि तिसरे गाणे संपताच बाहेर पडायचे. पंक बँड असेल तर ही तीन गाणी नऊ-दहा मिनिटांत संपतात, आणि ‘ओपेथ’सारखा स्वीडिश बँड असेल तर एकेक गाणे दहा मिनिटे चालत असल्यामुळे त्याच नियमात जवळजवळ अर्धा तास मिळू शकतो. मी सांगलीत राहते, हळदीच्या एका अडत दुकानाचे हिशेब लिहिते आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईला जाऊन रॉक बँडांची छायाचित्रे काढते. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. या कामात कॅमेऱ्याला महत्त्व आहेच, पण गाणे आधीपासून पाठ असणे हे त्याहून मोठे साधन आहे, आणि ते रसिकाकडे आपोआप असते. हे मत कसे बनत गेले, ते येथे सांगते.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. शेजारच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात आणि त्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा संगीताच्या मुलखात इलेक्ट्रिक गिटारचा मोठा कार्यक्रम मात्र होत नाही. माझ्यापर्यंत रॉक पोहोचले ते दादाच्या कॅसेटमधून. तो इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहातल्या मित्रांकडून कॅसेटी भरून आणत असे आणि रात्री आई-बाबा झोपल्यावर आम्ही दोघे टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी बारीक करून, कान जाळीला लावून त्या ऐकत असू. शब्द नीट कळत नसत, पण कोणत्या ठिकाणी ड्रम थांबतात, कोठे गिटार एकटी उरते आणि कोठे सगळे पुन्हा एकदम येतात, याचा नकाशा तेव्हापासूनच मनात तयार झाला होता.

2011 च्या दिवाळीत दादाने मला ओवाळणीत ‘मेटॅलिका’ या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या बंगळुरूच्या कार्यक्रमाचे तिकीट दिले. कार्यक्रम 30 ऑक्टोबरला, रविवारी, पॅलेस ग्राउंड्सवर होता. नेमक्या भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे 28 तारखेला, गुरगावचा त्यांचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि संतापलेल्या गर्दीने तेथे मोडतोड केल्याची बातमी आली. घरात अर्थातच चर्चा झाली. पोरीला एवढ्या लांब, अशा गर्दीत कशाला न्यायचे, असे आत्याचे म्हणणे होते. दादाने बाबांना शांतपणे सांगितले, की बंगळुरूचा कार्यक्रम रद्द झालेला नाही आणि तो मला एकटी सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालो आणि रविवारी सकाळी बंगळुरूला उतरलो.

त्या संध्याकाळी माझ्याजवळ साधा मोबाइल होता आणि त्यात छायाचित्र म्हणण्यासारखे काहीच उमटले नाही. तरीही माझ्या छायाचित्रणाची सुरुवात मी त्याच दिवसापासून धरते. ‘मेटॅलिका’चे कार्यक्रम 1983 पासून इटालियन संगीतकार एन्नियो मोरिकोने यांच्या एका चित्रपटधुनेने सुरू होतात. दिवे मालवले जातात, ध्वनिक्षेपकांतून ती धून वाढत जाते आणि ज्यांना ती माहीत असते त्यांचे हात ती संपण्याच्या बऱ्याच आधी वर गेलेले असतात. माझ्या पुढे खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला एक जण कठड्यापलीकडे होता. त्याला ती धून ठाऊक असावी, कारण तो रंगमंचाकडे पाठ करून आमच्याकडे, गर्दीकडे, कॅमेरा रोखून उभा राहिला आणि शेवटचे सूर येताच झपकन वळला. बाकीचे तोपर्यंत अंधाऱ्या रंगमंचाकडेच पाहत होते. त्याला एका धुनेत दोन छायाचित्रे मिळाली, आणि ती कशी मिळाली हे मला दिसले होते.

तिकीट काढून जाणाऱ्या प्रेक्षकाला अशा कार्यक्रमांत कॅमेरा नेता येत नाही, हे पुढे कळले. लेन्स बदलता येणारा कोणताही कॅमेरा ‘व्यावसायिक’ समजला जातो आणि तो दारावरच अडवतात. मोबाइल आणि क्वचित खिशात मावणारा छोटा कॅमेरा एवढेच चालते. एका महोत्सवात माझ्या पुढे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाचा कॅमेरा दारावर ठेवून घेतला गेला आणि त्याला पावतीसुद्धा मिळाली नाही. तो पूर्ण संध्याकाळ गाण्यांऐवजी कॅमेऱ्याच्या काळजीत होता. म्हणून तिकिटामागच्या आणि संकेतस्थळावरच्या अटी आधी वाचाव्यात आणि शंका असेल तर कॅमेरा मुक्कामाच्या जागी ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगते. पुण्यात 2019 च्या वीकएंडर महोत्सवात ‘ओपेथ’ आले तेव्हा मी साधी प्रेक्षक होते आणि कॅमेरा मैत्रिणीच्या घरी होता. त्या रात्री मी फक्त दिवे पाहिले. कोणत्या गाण्याच्या कोणत्या भागात मागचा पांढरा झोत उघडतो, संथ भागात निळा किती वेळ टिकतो, गायक दोन गाण्यांच्या मध्ये बोलताना कोठे उभा राहतो, हे सारे मनात टिपून घेतले आणि त्याचा पुढे खूप उपयोग झाला.

कॅमेरा मी विश्रामबागेतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतला. सोबत मिळालेली साधी झूम लेन्स पूर्ण ताणली, की तिचे छिद्र एफ 5.6 पर्यंतच उघडत असे; हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. त्यांनीच मला 50 मिलिमीटरची, एफ 1.8 पर्यंत उघडणारी लेन्स घ्यायला सांगितले. ती या प्रकारात सर्वांत स्वस्त मिळते आणि 5.6 च्या मानाने जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते. अंधाऱ्या रंगमंचावर एवढा फरक म्हणजे हललेले छायाचित्र आणि स्पष्ट छायाचित्र यांतला फरक असतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, लहान असल्यामुळे 50 मिलिमीटरची चौकट 75 सारखी आवळून येते, आणि छोट्या रंगमंचासमोर ती अगदी नेमकी बसते.

पण सराव कोठे करायचा? रॉक सांगलीत नव्हते, म्हणून मी मिरजेला गेले. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँ साहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे चालते. खाँ साहेब मिरजेत स्थायिक झाले होते आणि 1937 मध्ये ते गेल्यानंतरही त्यांच्या नावाची हजेरी तेथे कलावंत देत आले आहेत. आयोजकांची परवानगी घेऊन मी कडेला बसत असे. माझ्या कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जाताना मोठा खटका होतो आणि तंबोऱ्यांच्या झंकारात तो खटका फार बोचतो. शेजारच्या एका वयस्कर रसिकांनी मला हळूच सांगितले, “बाळ, समेवर दाब. तेव्हा आम्ही दाद देतो, तुझा आवाज त्यात जाईल.” त्यानंतर मी मात्रा मोजायला लागले. तीनतालाच्या सोळाव्या मात्रेवर बोट तयार आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खटका. ऐकणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून घेतलेली ही सवय छायाचित्रासाठीही योग्य ठरली, कारण गायकाचा हात, मान आणि चेहरा समेवरच एकत्र येतात.

हीच मोजणी रॉकमध्ये जशीच्या तशी लागू पडते. बहुतेक गाणी चार मात्रांच्या चालीत असतात आणि ध्रुवपदाच्या आधी ड्रमर एखादी छोटी भरारी घेतो, जिला ते लोक ‘फिल’ म्हणतात. फिल सुरू झाला, की पुढच्या ठोक्यावर तीन गोष्टी एकाच वेळी होणार हे जवळपास नक्की असते: झांज वाजणार, गिटारवाला अंग झोकून देणार आणि दिवे चालवणारा सर्वांत उजेडाचा संच उघडणार. गाणे माहीत नसणारा छायाचित्रकार उजेड झाल्यावर बटण दाबतो आणि त्याला पुढचा, थोडासा मावळलेला क्षण मिळतो. गाणे पाठ असणारा उजेडाच्या आधीच श्वास रोखून तयार असतो.

पास मिळवण्याची वाट लहान बँडांकडून गेली. मोठ्या कार्यक्रमांत पिटचा पास वृत्तपत्रांना, नियतकालिकांना किंवा बँडने स्वतः नेमलेल्या माणसांना मिळतो, तेथे सांगलीच्या अनोळखी मुलीला कोणी विचारणार नाही. म्हणून मी आधी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजवणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढली आणि निवडक काम एकत्र करून पुण्यातल्या, छोट्या जागांत वाजवणाऱ्या बँडांना पाठवले. पत्रात मी कोणते गाणे मला विशेष आवडते आणि त्यातला कोणता भाग टिपायची इच्छा आहे, हे लिहीत असे. उत्तरे बहुधा त्यामुळेच आली असावीत. परवानगी मिळाल्यावर छायाचित्रे कोठे वापरायची, बँडला किती द्यायची आणि ती विकता येतील का, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. काही करारांत छायाचित्रांवरचे सर्व हक्क बँडकडे जातात, आणि असा कागद मी सही न करता परतही केला आहे.

आत गेल्यावरची जागा अरुंद असते. समोर छातीच्या उंचीचा रंगमंच, त्याच्या कडेला कलावंतांकडे तोंड केलेले मॉनिटर, म्हणजे त्यांना त्यांचेच वादन ऐकवणारे ध्वनिक्षेपक, मागे कठड्यावर रेललेली गर्दी आणि मध्ये गर्दीतून उचलून आणलेल्या माणसांना झेलणारे सुरक्षारक्षक. पाठीवरची पिशवी येथे नको, हात डोक्याच्या वर धरून मागच्या छायाचित्रकाराची चौकट अडवायची नाही, आणि पुढे मागे सरकताना शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावून कळवायचे, अशी तेथली रीत आहे. मी शटर सेकंदाच्या 250 व्या भागापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवत नाही. केस उडवत मान हलवणारा गिटारवाला असेल तर 500 वा भाग लागतो. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, 3200 किंवा 6400 पर्यंत चढवावा लागतो आणि छायाचित्रात थोडी खर, म्हणजे दाणेदारपणा, येते. ती खर मी पुसून काढत नाही. एवढ्या आवाजाच्या संगीताला ती शोभते.

एका बँडच्या गायिकेची गोष्ट सांगते. ती मायक्रोफोन ओठांना टेकवून गात असे, त्यामुळे समोरून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात तिच्या तोंडाच्या जागी काळा गोळा दिसणार हे उघड होते. तिची ध्वनिमुद्रिते मी महिनाभर ऐकत होते. दुसऱ्या गाण्यात ध्रुवपदाची शेवटची ओळ ती लांबवते, आणि एवढा लांब स्वर लावताना माणूस मायक्रोफोनपासून मागे सरकतोच. मी तिच्या डाव्या बाजूला, स्टँडच्या आडोशातून बाहेर येईल अशा कोनात जाऊन बसले. ओळ आली, ती अर्धे पाऊल मागे झाली, हनुवटी वर गेली आणि मागच्या झोतात तिच्या गळ्यावरच्या ताणलेल्या शिरा व कपाळावरून निघालेला घामाचा एक थेंब स्पष्ट दिसला. त्या गाण्यात ती ओळ दोनदाच येते. दुसऱ्या वेळी मी बटण न दाबता नुसती पाहत राहिले.

आजकालचे दिवे एलईडीचे असतात आणि त्यांच्या दोन अडचणी आहेत. पहिली लाल रंगाची. सेन्सरवरच्या चार बिंदूंपैकी एकच लाल रंग टिपतो, आणि निव्वळ लाल उजेडात तो एकटाच काम करून भरून वाहतो, त्यामुळे चेहऱ्याचा नाक-डोळ्यांशिवायचा एक सपाट लाल डाग होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा एकत्रित आलेख मात्र सारे ठीक असल्याचे दाखवतो, म्हणून तीन रंगांचे वेगळे आलेख पाहावेत, छायाचित्र एक-दोन पायऱ्या गडद घ्यावे आणि रॉ, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या, स्वरूपातच साठवावे. अशी अनेक छायाचित्रे मी शेवटी कृष्णधवल करते. दुसरी अडचण लुकलुकण्याची. हे दिवे मंद करताना ते डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने चालू-बंद होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या चित्रावर आडवे पट्टे येतात. तेथे जुने यांत्रिक शटरच बरे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट छायाचित्रांवर परिणाम करते, ती म्हणजे रात्री दहाची मर्यादा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवावे लागतात, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला जातो. मुंबईच्या ज्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने भारतीय बँडांच्या पिढ्या घडवल्या, ते खुले रंगभवन शांतता क्षेत्रात येत असल्याने संगीताला बंद झाले. दहाला संपवायचे म्हणून आपल्या महोत्सवांत सुरुवातीचे बँड भर दुपारी वाजवतात. ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळ्या सावल्या, दिव्यांचा उपयोग शून्य आणि समोर मोजकी गर्दी अशा स्थितीत ते जीव ओतून वाजवतात. मला या दुपारच्या बँडांविषयी विशेष ममत्व आहे. पास असेल तर मी पहिल्या बँडपासून हजर राहते, कारण त्यांची चांगली छायाचित्रे फार थोडे लोक काढतात आणि त्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज असते.

कानांविषयी स्पष्टच लिहिते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज जास्तीत जास्त आठ तास सहन करावा, आणि प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. पिटमध्ये ध्वनिक्षेपकांच्या भिंती हाताच्या अंतरावर असतात. मी फोमचे बोळे चिमटीत चेपून, कान वर ओढून नीट आत बसवते आणि कठड्यापाशी बिनबोळ्यांचा कोणी तरुण दिसला तर पिशवीतली जादा जोडी देते. गाणे त्यातूनही व्यवस्थित ऐकू येते, आणि आयुष्यभर ऐकायचे असेल तर एवढे केलेच पाहिजे.

तिसरे गाणे संपले, की रक्षक हाताने खूण करतात. मी कॅमेरा ठेवायला देते आणि उरलेला कार्यक्रम गर्दीत उभी राहून ऐकते. दहाला आवाज थांबला, की रिक्षाने स्वारगेट आणि तेथून सांगलीची रात्रीची गाडी. कात्रज, सातारा, कऱ्हाड आणि पेठ नाका ओलांडून पहाटे घर येते. दुकानातून संध्याकाळी परतल्यावर निवड सुरू होते. शेकडो चित्रांतून मी वीस-पंचवीस ठेवते आणि निवडताना त्या रात्रीचीच गाणी लावते. ज्या चित्राकडे पाहून गाण्याची नेमकी जागा आठवते, ते राहते. इतर, कितीही सुबक असले तरी, जाते.

बँडांना चित्रे पाठवल्यावर सर्वांत आनंदाची उत्तरे ड्रमरांकडून येतात, कारण ते मागे बसलेले असतात, धुराने आणि झांजांनी झाकलेले असतात आणि तीन गाण्यांच्या घाईत त्यांच्याकडे कोणी वळत नाही. एकाने लिहिले, की सात वर्षे वाजवूनही त्याच्या आईकडे त्याचा वाजवतानाचा चेहरा दिसेल असे एकही चित्र नव्हते. तेव्हापासून तिसरे गाणे मी ड्रमरसाठी राखून ठेवते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याची हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, आपल्याला उजवीकडे दिसते, त्यामुळे पिटच्या डाव्या टोकाला, फ्लोअर टॉम या जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या बाजूला गेले, की चेहरा बहुधा मोकळा मिळतो. कार्यक्रमाआधी आवाज तपासतात त्या साउंडचेकच्या वेळी मी तेथे जाऊन झांजांच्या मधली फट शोधून ठेवते, त्या फटीवर फोकस लावते आणि गाण्यातला शेवटचा मोठा फिल येईपर्यंत मात्रा मोजते.